फेगडे बाई आणि भाजीचं पाणी

फेगडे बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन त्यांच्या मुलीचा, स्वातीचा, धुळ्याहून. "काकू, आई गेली. सकाळी उठलीच नाही," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "याल ना?" मी येते म्हणाले, फोन ठेवला आणि राहिलेली जुडी निवडून पूर्ण केली. जून देठ काढले, कोवळे ठेवले. कोवळे देठ भाजीत घालायचे असतात हे मला फेगडे बाईंनीच शिकवलेलं. त्याआधी मी पानं तेवढी खुडून बाकी सगळं टाकून देत असे.

रडू आलं नाही. आता लिहायला बसले आहे तेही दुःख दाटून आलं म्हणून नाही. त्यांच्याबद्दल बोलणारी माणसं कमी होत चालली आहेत आणि मला त्या बऱ्याच आठवतात, म्हणून.

जळगावच्या एका मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायला लागले तेव्हा मालती फेगडे तिथे मुरलेल्या होत्या. विज्ञान शिकवायच्या, शिवाय गृहशास्त्राचे तास त्यांच्याकडे. बुटक्या, काटक, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की त्या आपला डबा बाजूला ठेवून आधी सगळ्यांच्या डब्यांवरून एक फेरी मारत. कुणाला त्याचं वावगं वाटत नसे. मला मात्र पहिल्या आठवड्यात दचकायला झालं.

"काय गं सुनंदा, आज सगळं पांढरंच?"

माझ्या डब्यात पोळी, दहीभात आणि बटाट्याच्या काचऱ्या होत्या. मी म्हणाले, "भाजी आहे ना बाई. बटाटा."

"बटाटा भाजीत मोजू नकोस. तो भाताचा चुलतभाऊ आहे."

असं म्हणून त्यांनी आपल्या डब्यातली पोकळ्याची भाजी चमच्याने माझ्या पोळीवर ठेवली. विचारणं वगैरे काही नाही. पोकळा म्हणजे आपल्याकडची साधी पालेभाजी, लसणाच्या फोडणीवर परतलेली. त्यांच्या डब्यात रोज असंच काही असे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, एक पालेभाजी, थोडं घट्ट मुगाचं वरण आणि एक अख्खी काकडी. काकडी त्या चिरत नसत, गाजरासारखी कडाकडा चावून खात. जेवणानंतर लगेच कुणी चहा मागवला तर म्हणायच्या, "आत्ता खाल्लेलं लोह त्या चहाबरोबर वाहून चाललं बघा. तासभर थांबा की." कुणी थांबत नसे. त्या मात्र थांबत, आणि तासाभराने थंड झालेला चहा तसाच पिऊन टाकत.

कोठारी मॅडम नावाच्या आमच्या एक सहकारी होत्या. त्या जैन. कांदा, बटाटा, गाजर, मुळा काही खात नसत. बाकीच्या त्यांना चिडवत, "मग खाता तरी काय?" एकदा फेगडे बाईंनी त्यांचा डबा उचलून सगळ्यांसमोर धरला. आत गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची भाजी, मोड आलेले मूग, ज्वारीची भाकरी आणि कोशिंबीर. "हे खातात," बाई म्हणाल्या. "आता तुमचे दाखवा." कुणी दाखवले नाहीत.

गृहशास्त्राच्या तासाला शाळेतल्या शेगडीवर मुली आळीपाळीने स्वयंपाक करत. फार काही नाही. मिश्र भाज्यांची खिचडी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कधी तुरीची डाळ वाटून उकडलेले फुनके आणि त्याबरोबर कढी. तेल पळीने नाही, चमच्याने घालायचं. पालक शिजवताना एका मुलीने वरचं हिरवं पाणी मोरीत ओतलं. बाई खिडकीशी होत्या, तिथूनच ओरडल्या, "थांब!" तोवर अर्धं गेलं होतं. उरलेलं त्यांनी पातेल्यात घेतलं, त्यात शिजलेली डाळ घातली, जिरं-लसणाची फोडणी दिली, वरून लिंबू पिळलं आणि सगळ्या वर्गाला वाटीवाटी प्यायला लावलं. मलाही वर्गात बोलावून दिलं.

"भाजीत जे चांगलं असतं त्यातलं बरंच पाण्यात उतरतं," त्या मुलींना म्हणाल्या. "ते ओतून दिलंत तर ताटात उरतो चोथा. आणि पालकावर लिंबू हवंच, नाहीतर त्यातलं लोह अंगाला लागत नाही. लक्षात राहील?"

राहिलं. त्या वर्गातल्या मुली आता चाळिशीच्या आहेत. बाजारात भेटल्या की मला अजून सांगतात, "मॅडम, आम्ही पाणी टाकत नाही."

एकदा रेश्मा नावाची आठवीतली मुलगी प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. तिला दवाखान्यात नेलं, रक्त कमी असल्याचं कळलं, गोळ्या मिळाल्या. आमच्यासाठी विषय संपला. बाईंसाठी संपला नाही. मेहरूणला तलावाच्या मागच्या वस्तीत मुलीचं घर होतं. मी जवळच राहत असल्यामुळे संध्याकाळी मला बरोबर घेऊन त्या तिथे गेल्या. अंगणात शेवग्याचं झाड, पाल्याने भरलेलं. बाईंनी रेश्माच्या आजीला विचारलं, "अक्का, या पाल्याचं तुम्ही काय करता?"

"तो त बकरीले टाकतो आम्ही," आजी म्हणाली.

"तुमची बकरी कधी चक्कर येऊन पडली का?"

आजी हसायलाच लागली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पाला उतरवून घेतला, तिथेच चुलीशी बसल्या, तो बारीक चिरून डाळीत शिजवला आणि रेश्माला समोर बसवून भाकरीबरोबर खायला घातला. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हेही निघताना बजावून सांगितलं. आठवड्यातून दोनदा हे करा, लिंबू नसलं तर कैरीची फोड चालेल, असं त्या सांगत होत्या तेव्हा आजी बकरीकडे बघत होती.

बाईंच्या यजमानांना सगळे नाना म्हणत. ते पाटबंधारे खात्यात होते. मूळ रावेरकडचे, घरची केळीची शेती. बाई जेवढ्या आखीव तेवढे नाना मोकळे. थंडीत ते दरवर्षी शाळेतल्या आम्हा सगळ्यांना शेतावर भरीत खायला न्यायचे. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी स्वतः भाजायचे आणि बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, कुटताना मोठमोठ्याने बोलायचे. नाना शहरात नोकरी करूनही बोलायचे गावचीच लेवा बोली. "पोरींनो, मालतीले भरीत करू देऊ नका. ते वांग्यातलं जीवनसत्त्व मोजत बसीन, अन् आपुन उपाशी."

"तेल बघा किती घालताय," बाई म्हणायच्या.

"भरीत हाय ते. औषध नाही."

वांग्याचं भरीत, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. बाई दोन घास जास्तच खात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. पण नानांचं तेवढ्यावर भागत नसे. मित्रांबरोबर ढाब्यावरची शेवभाजी, तर्रीदार, वर लोणचं, वर पापड. साखर होती, रक्तदाब होता, गोळ्या कधी घेत, कधी विसरत. बाई रोज सांगत आणि नाना रोज "हो" म्हणत. भांडण म्हणून कधी झालं नाही.

बाई निवृत्त झाल्या, मग मीही झाले. आमची घरं एका गल्लीच्या अंतरावर होती, त्यामुळे भेट रोजचीच. एका उन्हाळ्यात नानांच्या पायांवर सूज आली. तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं जवळपास निकामी झालेली होती. डायलिसिस सुरू झालं. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीशी बोलायला बाई मला घेऊन गेल्या. का ते मला ठाऊक नाही. त्यांना कुणाच्या सोबतीची सवय नव्हती.

मुलगी तरुण, चांगली होती. सावकाश सांगत होती. पालेभाज्या बंद. टोमॅटो, बटाटा, शेवगा बंद. नारळपाणी, केळी तर अजिबात नाही. या सगळ्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही, मग ते हृदयावर येतं. मीठ अगदी थोडं. पाणी मोजून. दुधी, गिलकं, कोबी चालेल, पण चिरून आधी कोमट पाण्यात भिजत घालायचं, मग भरपूर पाण्यात उकळायचं.

"आणि ते पाणी?" बाईंनी विचारलं.

"टाकून द्यायचं काकू."

"सगळं?"

"सगळंच. भिजवलेलं आणि उकळलेलं, दोन्ही."

बाईंनी मान हलवली. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. वर्गात शिकवताना आजारी माणसाच्या आहाराचा एक धडा असे, त्यात हे असणारच. पण त्या पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकघरात दुधीच्या फोडी मोठ्या पातेल्यात उकळत होत्या. त्यांनी गॅस बंद केला, पातेल्यावर ताटली तिरकी धरली आणि पाणी मोरीत ओतलं. वाफ वर आली. फोडी पांढुरक्या, मऊ, कशाचाही वास नसलेल्या. त्यांनी परत नव्याने पाणी घालून त्या एकदा खळबळल्या आणि तेही ओतलं. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोडणीत थोडं जिरं टाकलं, फोडी परतल्या, झाकण ठेवलं.

"तुमच्यासाठी वेगळी भाजी करता का?" मी विचारलं.

"दोघांचं एकच करते. दोन-दोन स्वयंपाक कुठे करत बसू," त्या म्हणाल्या.

मग तेच चालू राहिलं. रोज चिरणं, भिजवणं, ओतणं, उकळणं, ओतणं. बाईंचं ताटही तसंच झालं. आठवड्यातून दोन दिवस दवाखाना. नाना तिथून आले की पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडत. बाई त्यांच्या पायाशी बसून राहत. टीव्ही चालू असे, आवाज नसे.

गल्लीतल्या बायकांच्या मंडळाने त्याच सुमारास बाईंना बोलायला बोलावलं. विषय नेहमीचाच, रोजच्या भाज्या आणि घरातल्यांचं आरोग्य. आधी त्या तासतास बोलायच्या. त्या दिवशी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "पालेभाजीत..." आणि थांबल्या. बायका वाट बघत होत्या. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. "ज्याला जे चालतं त्याने ते खावं," त्या म्हणाल्या. "आधी तपासून घ्यावं." आणि खाली बसल्या. नंतर त्यांना कुणी बोलावलं नाही.

एकदा भाजीबाजारात आमच्या मागे दोघी जणी बोलत होत्या. एकीचा आवाज स्पष्ट आला, "साऱ्या जळगावले शिकवायची, अन् घरातच पाहा काय झालं." मी वळले. बाई वळल्या नाहीत. त्या समोरच्या माणसाला म्हणाल्या, "दुधी कोवळा द्या, भाऊ. नख लावून बघते." त्यांनी नख लावून पाहिलं, दुधी पिशवीत टाकला आणि पुढे निघाल्या.

नानांच्या भावाकडून केळ्यांचा घड पूर्वीपासून येत असे. बाईंनी पाठवू नका असं कळवलं होतं, तरी भाऊ विसरला की काय, एकदा घड आला. मी तिथेच होते. घड ओसरीत उतरवला आणि घरभर पिकल्या केळ्यांचा वास झाला. नाना आतून म्हणाले, "मालती, मले येक केयं दे."

"नाही चालत तुम्हाला."

"काय होते येका केयानं?"

बाईंनी घड उचलला, मला एक बाजू धरायला लावली आणि आम्ही दोघींनी तो गल्लीत वाटून टाकला. परत आल्यावर ओसरी पुसून घेतली, वास जाईपर्यंत.

पुढच्या थंडीत नानांनीच सांगितलं की आता पुरे. डायलिसिसला जायचं नाही. स्वाती धुळ्याहून आली, रडली, भांडली. डॉक्टरांनी समजावलं. नाना ऐकून घेत आणि मान हलवत, पूर्वी मिठाबद्दल ऐकून घेत तसे. बाईंनी त्यांना एकदाही आग्रह केला नाही. फक्त एकदा विचारलं, "नक्की ना?" नाना म्हणाले, "नक्की."

त्यानंतर एका दुपारी बाई स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि केळी घेऊन आल्या. मी नानांजवळ बसले होते. बाईंनी एक केळं सोललं, साल पूर्ण काढली नाही, अर्ध्यावर ठेवली, लहान मुलांना देतात तसं. आणि त्यांच्या हातात दिलं.

नानांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. एक घास घेतला. चावला. मग केळं बाईंपुढे धरलं.

"चव नाही लागत," ते म्हणाले.

"बरं."

"चांगलं हाय. मलेच लागत नाही."

बाईंनी ते घेतलं. अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती. पलंगाशेजारी उभ्या उभ्याच त्यांनी ते केळं खाऊन संपवलं आणि साल हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी साल त्यांच्या हातातून घेतली.

त्याच आठवड्यात नाना गेले.

स्वाती बाईंना धुळ्याला घेऊन गेली. तिथल्या देवपूर भागात तिचा फ्लॅट होता, जावई बँकेत. जळगावचं घर बंद झालं. मी अधूनमधून फोन करायची. बाई फोनवर "हो", "नाही", "बरं आहे" एवढंच बोलत.

वर्षभराने धुळ्यात एक लग्न होतं, ते आटोपून मी स्वातीकडे गेले. बाई बाळसं उतरलेल्या मुलासारख्या दिसत होत्या. बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, हात धरला, परत बसल्या. जेवणात वरण-भात, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर होती. बाईंनी समोर आलेलं निमूटपणे खाल्लं. काही मागितलं नाही, काही नाकारलं नाही.

मी ताटं ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर स्वातीने दार लोटून घेतलं.

"काकू, आई काहीच म्हणत नाही हो," ती हळू आवाजात म्हणाली. "लहानपणी मी भाजी आधी चिरून मग धुतली म्हणून तिने मला फटका मारलाय. सगळं सत्त्व धुऊन गेलं म्हणाली होती. परवा मी मुद्दाम तिच्यासमोर मेथी चिरली आणि मग धुतली. बराच वेळ धुतली. ती बघत होती. काहीतरी बोल, ओरड, असं मला झालं होतं. ती म्हणाली, 'झालं का तुझं? मग मी पाणी पिऊन घेते.'"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर शेजारची बाई कुणाला तरी विचारत होती, "जेवण व्हयनं का?" आणि आतून कुणीतरी "हो" म्हणालं.

निघताना बाई म्हणाल्या, "मी येते स्टँडपर्यंत." स्वातीला आश्चर्य वाटलं. ती म्हणाली, आई खालीसुद्धा उतरत नाही. आम्ही दोघी रिक्षाने आलो. जळगावची बस लागायला वेळ होता. कठड्यावर बसलो. मी शाळेतल्या कुणाकुणाबद्दल सांगत राहिले. कोठारी मॅडम मुलाकडे राजस्थानात गेल्या, रेश्मा आता पारोळ्याला असते, तिला दोन मुलं आहेत. बाई ऐकत होत्या की नव्हत्या, सांगता येणार नाही.

मग त्या एकदम म्हणाल्या, "भूक लागली."

नुकतंच जेवण झालं होतं. समोर भज्यांची गाडी होती. त्यांनी बोट दाखवलं. मी उठले तर म्हणाल्या, "थांब, मी आणते." कागदावर भजी घेऊन आल्या, बरोबर तळलेल्या मिरच्या. कागद तेलाने पारदर्शक झालेला. एक भजं त्यांनी तोंडात टाकलं, चावलं, दुसरं टाकलं. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला वाटलं त्यांच्या चेहऱ्यावर आता काहीतरी येईल. काही आलं नाही.

"खारट आहेत," त्या म्हणाल्या.

"परत देऊया का?"

"नको." त्यांनी मिरची उचलली, देठ धरून अर्धी खाल्ली. "बरी आहेत. स्वातीला सांगू नकोस."

बस लागली. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. नंतर धुळ्याला गेले ते त्यांना पोहोचवायलाच. तेव्हा पाहिलेला चेहरा मी धरत नाही. माझ्या लेखी बाई शेवटच्या दिसल्या त्या बसच्या खिडकीतून. मी हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या परत भज्यांच्या गाडीपाशी गेल्या होत्या. गाडीवाला काहीतरी विचारत होता आणि त्या बोटाने दाखवून सांगत होत्या, ही नको, ती दे, ती ताजी आहेत ती. बस वळेपर्यंत त्यांचं सांगणं चालू होतं.